पहिली बंदूक घेताय? रिव्हॉल्व्हरचा नाद सोडा, साधी डबल बॅरल बघा

बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आमचं घर सावंतवाडी तालुक्यात, वाडीपासून लांब, काजूच्या बागेत एकटंच, रात्री हाक मारली तर ऐकायला कुत्र्याशिवाय कोण नाही. परवाना झाल्यावर ऑर्डनन्स फॅक्टरीची बारा बोअरची डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांची छर्‍याची बंदूक घेतली (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), कोकणातला पाऊस तिने बघितला, आचारसंहितेत पोलीस ठाण्यात पण राहून आली, तर आता तिच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

परवाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आधी कमरेचं रिव्हॉल्व्हर येतं. मला पण तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला मिळतं ते जास्त करून पॉइंट बत्तीस, कारण नाईन एमएम, पॉइंट अडतीस, पॉइंट पंचेचाळीस हे सगळे प्रतिबंधित बोअर. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं पॉइंट बत्तीस खूप वर्षं चालू आहे, जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या पद्धतीचं, मधून मोडून उघडणारं. 2014 ला कानपूरमधूनच ‘निर्भीक’ आलं, वजनाला हलकं, बायकांच्या पर्समध्ये मावेल म्हणून जाहिरात केलेलं आणि किंमत लाखाच्या वर. 2023 ला ‘प्रबल’ आलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. दिसायला दोन्ही झकास. पण दुकानात रिकामं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन घोडा न चढवता नुसता चाप ओढून बघा, चाप एवढा जड की ओढता ओढता पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा उंचवटा, कुठच्या कुठे जाते. दिवसा, शांतपणे, दुकानात ही गत, मग रात्री झोपेतून उठून थरथरत्या हाताने काय होणार? सराव केला तर जमतं, नक्की जमतं, पण काडतुसं महाग, त्यात परवान्यावर वर्षाची मर्यादा, आणि सिंधुदुर्गात बसून सराव करायचा तरी कुठे. नेमबाजीच्या क्लबात जास्त करून एअर रायफल नाहीतर पॉइंट बावीस चालतं, तिथे ही घरची अवजारं कोण आणू देत नाही.

डबल बॅरल का, तर एकच मोठं कारण. ती मोडली, म्हणजे मधल्या बिजागरीवर वाकवून उघडली, की दोन भोकं समोर दिसतात. भरलेली आहे की रिकामी हे खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या माझ्या आईला पण कळतं. आमच्याकडे नियमच केलाय, बंदूक कपाटातून बाहेर आली की आधी मोडायची, मोडलेलीच दुसऱ्याच्या हातात द्यायची. ज्या घरात याआधी कधी हत्यार नव्हतं त्या घरात पहिला धोका चोराचा नाहीच, आपलाच कोणीतरी "रिकामीच आहे रे" म्हणून चाप ओढतो त्याचा आहे.

आता जवळून सांगतो. चाप दोन, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजवी नळी जरा मोकळी, छर्रे लवकर पसरतात, डावीला चोक, म्हणजे तोंडाशी नळीची आवळ, जास्त, त्यामुळे लांबवर छर्रे एकत्र राहतात. म्हणजे घराच्या अंतरात पुढचा चाप, हे एकदा डोक्यात बसलं की झालं. बाहेर घोडे नाहीत, ते आत असतात, वर अंगठ्याखाली सेफ्टीचा खटका, मोडून बंद केली की तो आपोआप मागे जातो. आता तक्रार. फिनिशिंग म्हणजे अगदी सरकारी काम, लाकडावर पॉलिश एका बाजूला गडद एका बाजूला फिकट, आणि नवीन असताना मोडायला एवढी घट्ट की गुडघ्यावर घेऊन उघडावी लागायची. वापरून सैल झाली. नळ्याच अडीच फुटांच्या, त्यामुळे आमच्या पडवीतून माजघरात वळताना दाराच्या चौकटीला ठोकर बसते, लांब बंदुकीचा हा तोटा आहेच. वजन तीन किलोच्या आसपास, आणि दस्ता माझ्या मापाचा असल्याने बायकोला लांब पडतो. घरात जो कोणी वापरणार आहे त्या प्रत्येकाने दुकानात खांद्याला लावून बघा, नाहीतर धक्का दंडावर बसतो आणि मग चार दिवस हात वर होत नाही.

काडतुसं आम्ही शक्तिमान वापरतो, आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातली. एलजी नावाच्या काडतुसामध्ये छर्रे कसले, गोळेच असतात, बोटावर मोजण्याइतके, ते दरवाजाच्या फळीतून आरपार जाऊन पलीकडे कोण आहे ते बघत नाहीत. आमच्या भिंती चिऱ्याच्या म्हणून ठीक, पण ज्यांची घरं प्लायच्या पार्टिशनची आहेत त्यांनी पलीकडच्या खोलीत कोण झोपतं ते आधी आठवावं. मी घरात चार नंबर, म्हणजे बारीक छर्‍याची काडतुसं ठेवतो. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी माझं ऐकाल तर बंदुकीच्या पैशात चांगला सेफ्टी डोअर आणि कॅमेरा घ्या, उगाच शेजारच्या बिऱ्हाडाला धोका नको. आम्ही पण बंदुकीच्या आधी ग्रील, मागच्या दारी लाईट आणि कुत्रा केलाच होता, आणि खरं काम आजवर त्यांनीच केलंय.

पावसाळा हा वेगळाच विषय. जूनमध्ये दोन दिवस बघितलं नाही तर नळीवर तांबूस ठिपके येतात. दुकानदाराने फुकट दिलेली रेक्झिनची पिशवी आधी काढून टाका, ती दमट हवा आत धरून ठेवते. कोरड्या चिंधीने पुसून मशीन ऑईलचा पातळ हात, कपाटात सिलिका जेल, बस. खोबरेल लावू नका! आमच्याकडे केसापासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल, पण ते थंडीत चिकट होऊन आतल्या स्प्रिंगा धरून बसतं. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात, चावी वेगळ्या माणसाकडे. आमच्या वाड्यांतून पूर्वी ठासणीच्या बंदुका भिंतीला खुंटीवर टांगलेल्या असायच्या, ते दिवस गेले.

कागदांचं थोडक्यात. परवान्यावर कुठलं हत्यार ते लिहिलेलं असतं, म्हणून रिव्हॉल्व्हर की बारा बोअर हे अर्ज करायच्या आधीच ठरवा, नंतर बदलायला परत फेऱ्या. वय 21 पूर्ण पाहिजे, सुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागतं, डॉक्टरचं शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं लागतं, पोलीस चौकशी होते. जिल्ह्यात कलेक्टर ऑफिस, पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्त. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय आणि माणशी जास्तीत जास्त दोनच हत्यारं. शेतीसंरक्षणाचा परवाना आणि आत्मसंरक्षणाचा परवाना यात गल्लत करू नका, आणि शेतीसंरक्षणाचा आहे म्हणून गव्यावर बार टाकता येतो असं तर स्वप्नातही समजू नका. एका एजंटाने माझ्याकडे "लवकर करून देतो" म्हणून पैसे मागितले, मी दिले नाहीत, वेळ लागला पण काम झालं.

एक गोष्ट दुकानदार कधीच सांगत नाही. निवडणूक लागली की ठाण्यातून फोन, बंदूक जमा करा. कोणाची जमा करायची ते छाननी समिती ठरवते असा नियम आहे, आमच्याकडे सरसकट सगळ्यांना बोलावणं येतं. 2024 ला लोकसभेची आचारसंहिता मार्च ते जून, म्हणजे ऐन काजू-आंब्यात, आणि दिवाळीच्या सुमाराला परत विधानसभेची. घराच्या रक्षणासाठी घेतलेली वस्तू वर्षातले कितीतरी महिने घरातच नसते, हे धरूनच खर्च करा. जमा करताना तेल लावून द्या, पावती नीट ठेवा, परत घेताना तिथेच मोडून नळीतून उजेडाकडे बघा. माझी परत आली तेव्हा एका नळीत कोळ्याचं घर होतं.

आणि चोर दिसला की बार, असं काही नसतं. आता भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी संरक्षणाची आहेत, रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याच्या बाबतीत कायदा जास्त मोकळीक देतो, पण पळून जाणाऱ्याच्या पाठीत बार टाकलात तर कोर्टात तुम्हीच उभे राहणार. एकदा वकिलाकडे बसून नीट समजून घ्या, बंदुकीच्या खर्चातच तो खर्च धरा.

पंप अ‍ॅक्शनचं, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायच्या बंदुकीचं पण विचारतात. चांगली आहे, काडतुसं जास्त मावतात, पण नळीखालच्या ट्यूबमध्ये एखादं राहिलेलं बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पहिली म्हणून माझा नकार, दुसरी म्हणून खुशाल घ्या. मुंगेरच्या खासगी कारखान्यांच्या बारा बोअर पण मिळतात, त्यात चांगली आणि सुमार दोन्ही बघितलीत, माल हातात घेऊनच ठरवा, बंद केल्यावर नळी आणि मागच्या भागात उजेडाची फट दिसली की सरळ परत द्या. आजोबांच्या काळातली सेकंड हँड घेत असाल तर नळीच्या बुडाला 65 लिहिलंय की 70 ते आधी बघा, ती चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची मिलिमीटरमधली लांबी. 70 एमएमचं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण ते माप उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाचं असतं, आणि उडताना तोंड उघडायला जागा मिळाली नाही की आतला दाब वाढतो. अशा बंदुकीत पहिला बार टाकायच्या आधी ती कोल्हापूरला नाहीतर बेळगावला चांगल्या कारागिराला दाखवून आणा.