सिफिलिससाठी जलद चाचणी की प्रयोगशाळा: उत्तर ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी वस्त्यांपुढील निवड

ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर या ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाजांच्या तरुणांमधील सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाची साथ जानेवारी २०११ मध्ये वायव्य क्वीन्सलँडमध्ये सुरू झाली आणि पुढे नॉर्दर्न टेरिटरी, पश्चिम ऑस्ट्रेलियातील किंबर्ली व दक्षिण ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली. २०१८ पासून केंद्र सरकारच्या निधीतून, मूलनिवासी समाज स्वतः चालवत असलेल्या आरोग्य केंद्रांना बोटातून रक्ताचा थेंब घेऊन करायची जलद चाचणी मिळू लागली. दुर्गम दवाखान्याच्या व्यवस्थापकाला तेव्हापासून ठरवावे लागते, की भर या चाचणीवर द्यायचा की प्रयोगशाळेवर.

अचूकतेत प्रयोगशाळाच सरस आहे. शिरेतून घेतलेल्या रक्तावर तेथे प्रतिपिंडांची (संसर्गाविरुद्ध शरीर तयार करते त्या प्रथिनांची) चाचणी होते, आणि जोडीला आरपीआर ही चाचणी संसर्ग सध्या किती सक्रिय आहे याचा अंदाज देते. उपचारानंतर आरपीआरचे प्रमाण निदान चौपटीने उतरले, की उपचार लागू पडल्याचे कळते. अडचण आहे ती अंतराची. नमुना शहरात जाऊन निकाल परत येईपर्यंत अनेक दिवस जातात, तोवर रुग्ण नातलगाच्या अंत्यविधीसाठी दुसऱ्या वस्तीवर गेलेला असतो, आणि त्याला शोधण्यात दवाखान्यातील मोजक्या परिचारिकांचे कामाचे तास संपतात.

जलद चाचणीचा निकाल पंधरा मिनिटांत मिळतो आणि त्याच बैठकीत सिफिलिसवरील औषधाचे, बेन्झाथिन पेनिसिलिनचे, इंजेक्शन देता येते. मात्र ती शोधत असलेली प्रतिपिंडे उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर रक्तात राहतात, त्यामुळे पूर्वी बरा झालेला रुग्णही तिच्यावर पॉझिटिव्हच दिसतो. उत्तरेतील वृद्धांमध्ये तर लहानपणी झालेल्या यॉज या त्वचारोगामुळेही असे घडू शकते. साथ जितकी लांबते तितके उपचार झालेले लोक वाढतात आणि या चाचणीचा उपयोग आक्रसत जातो, हे खरेदीच्या वेळी सहसा कोणी बोलत नाही. म्हणून क्वीन्सलँड व नॉर्दर्न टेरिटरीत ठेवल्या जाणाऱ्या सिफिलिस नोंदवहीत रुग्णाचा पूर्वेतिहास पाहिल्याशिवाय ती करू नये. अगदी ताजा संसर्ग दोन्ही चाचण्यांतून निसटू शकतो.

गर्भवतींच्या बाबतीत मात्र माझ्या मते निवडीला जागा नाही: दोन्ही चाचण्या कराव्यात. गर्भातील बाळापर्यंत पोहोचणारा खात्रीचा उपचार पेनिसिलिनच आहे आणि उशीर झाल्यास मृतजन्म किंवा जन्मजात सिफिलिसचा धोका असतो. साथीच्या भागांत पहिल्या भेटीत, २८ व ३६ आठवड्यांना, प्रसूतीच्या वेळी आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी तपासणीची शिफारस आहे. जिला पुन्हा गाठता येईल याची शाश्वती नाही आणि जिच्यावर पूर्वी उपचार झाल्याची नोंद नाही, अशा स्त्रीची जलद चाचणी पॉझिटिव्ह आल्यास आरपीआरसाठी रक्त घेऊन लगेच इंजेक्शन द्यावे, निकालाची वाट पाहू नये.

इतरांसाठी निवड वय आणि पूर्वेतिहासावरून करावी. ज्यांना सिफिलिस झाल्याची नोंद नाही अशा तरुणांसाठी, विशेषतः फिरत्या शिबिरांत, जलद चाचणी योग्य ठरते. पूर्वी उपचार झालेल्यांसाठी थेट प्रयोगशाळा. निधी अपुरा असेल, तर मी चाचणीच्या जास्तीच्या पेट्या घेण्याऐवजी लैंगिक जोडीदारांचा माग काढणाऱ्या स्थानिक ॲबोरिजिनल आरोग्य कार्यकर्त्यांचे, एक स्त्री आणि एक पुरुष असे, वेतन आधी राखून ठेवीन, कारण जोडीदार उपचाराविना राहिला तर त्याच रुग्णाला पुन्हा संसर्ग होतो.