बर्गर खायला मॉलमध्ये जायचं की राजारामपुरीत?

कोल्हापुरात बसून बर्गर खायचा म्हटलं की आता तीन पर्याय आहेत. मॉलमधली मोठी चेन, ताराबाई पार्क-नागाळा पार्क बाजूचे मोठे चकाचक कॅफे, आणि राजारामपुरीच्या गल्ल्यांमधले मोजक्या टेबलांचे छोटे कॅफे. रंकाळ्यावरच्या गाड्या मी यात धरत नाही, चव चांगली असते पण माझ्यासोबत आई असते, पोरं असतात, आणि पावसाळ्यात तिथं उभं राहून खाणं कुणालाच जमत नाही. मी तिन्हीकडं भरपूर खाल्लंय आणि आता घरच्यांना घेऊन जायचं झालं तर एकाच ठिकाणी जातो, पण ते का ते सांगतो, तुमचं गणित वेगळं असू शकतं.

आधी मॉल. पार्किंग, लिफ्ट, एसी, स्वच्छ टॉयलेट, यात बाकीचे दोघं जवळपाससुद्धा येत नाहीत आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर हे मुद्दे छोटे नाहीत. दुसरं म्हणजे व्हेजचा विश्वास. मॅकडोनल्ड्स १९९६ ला भारतात आलं ते बीफ-पोर्क बाजूला ठेवूनच, व्हेज आणि नॉनव्हेजचं काम वेगळ्या जागी, मेयोनीज अंड्याशिवाय, आणि आज बऱ्याच चेनमध्ये व्हेज-नॉनव्हेज असंच वेगळं चालतं. आमच्याकडं सोमवार, संकष्टी, श्रावण सगळं पाळतात त्यामुळं आईला तिथं काही विचारावं लागत नाही. छोट्या कॅफेत विचारावं लागतं, तवा एकच आहे का, मेयोत अंडं आहे का. मी सरळ मेयोचं पाकीट दाखवायला सांगतो, हिरवा ठिपका बघतो आणि मगच ऑर्डर देतो, अजून तरी कुणी तोंड वाकडं केलेलं नाही.

फ्राइजसुद्धा मॉलमध्येच चांगल्या मिळतात, हे मान्य करायलाच पाहिजे. मोठा फ्रायर असला की तेलाचं तापमान टिकतं. छोट्या कढईत फ्रोजन बटाटा एकदम ढीगभर सोडला की तेल थंड पडतं आणि फ्राइज तेल पितात, मग कितीही मसाला मारला तरी उपयोग नाही.

एवढं सगळं असूनही माझं मन मॉलवरून उडालं ते एका गोष्टीनं, खालचा बन. बर्गरमध्ये वरच्या बनला फारसं काम नसतं, सगळा भार खालच्या बनवर असतो, पॅटीचं वजन, तिची वाफ, टोमॅटोचं पाणी, सॉस, सगळं खाली उतरतं. बनची कापलेली बाजू बटर लावून तव्यावर नीट भाजली असेल तर तिथं एक कडक थर तयार होतो आणि ओल आत शिरायला वेळ लागतो. पण भाजलेला बनसुद्धा गरम पॅटीसकट डब्यात बंद करून ठेवला की वाफेनं मऊ पडतो. रविवारी संध्याकाळी फूड कोर्टला काय होतं बघा, एकजण लाइनीत, एकजण टेबल धरायला, नंबर लागला, ट्रे हातात आला, आणि धरलेलं टेबल तोपर्यंत दुसऱ्या कुणी घेतलेलं, मग ट्रे घेऊन कुणाचं उठतंय का बघत फिरायचं. बसून डबा उघडावा तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब, दोन घास झाले की अंगठा बनमधून आरपार आणि पॅटी मागच्या बाजूनं बाहेर. पोरांचे शर्ट खराब होतात ते वेगळंच, पण घरचे सगळे चार टप्प्यांत जेवतोय, कुणाचं संपलंय कुणाचं यायचंय, ही गोष्ट मला फार लागते, सगळे मिळून खायचं म्हणून तर घरातून बाहेर पडलेलो असतो. आडवारी दुपारी त्याच काउंटरचा बर्गर लगेच बसून खाल्ला तर चांगला लागतो, तेव्हा दोष त्यांच्या बर्गरपेक्षा गर्दीचा म्हणा हवं तर, पण आम्हाला नोकरदार लोकांना मिळतो रविवारच.

मोठ्या कॅफेचं थोडक्यात सांगतो. वाढदिवस, कॉलेजचा ग्रुप, निवांत गप्पा, यासाठी जागा मस्त, सोफे आहेत, फोटो छान येतात. पण बर्गर इतका उंच की तोंडात मावत नाही आणि त्यावर चीज सॉस ओततात. आपल्या मिसळीसोबत स्लाइस ब्रेड येतो तो कटात बुडवायलाच असतो, तो भिजलाच पाहिजे, पण बर्गर हातात धरून खायचा आहे, त्याचा बन भिजवून काय मिळवतात मला खरंच कळलेलं नाही. म्युझिकचा आवाजही मोठा असतो, आईला बोललेलं ऐकू येत नाही. आणि बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा, तो आपोआप लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय.

आता राजारामपुरी. मी ज्या छोट्या कॅफेत जातो तिथं तवा टेबलावरून दिसतो. तो माणूस बन कापतो, बटर लावून पालथा टाकतो, उलथन्यानं हलकं दाबतो आणि कडेनं तपकिरी रंग चढेपर्यंत उचलतच नाही. मग खाली आधी कोरडा चिरलेला कोबी, त्यावर पॅटी, सॉस पॅटीच्या वर. सॉस खालच्या बनला लावतच नाही. तव्यावरून प्लेटमध्ये आणि प्लेटमधून टेबलावर, मधे डबा नाही, कागद नाही. शेवटच्या घासापर्यंत बन हातात टिकतो. चिकन पॅटी खिम्याची, आलं-लसूण घालून तिथंच थापलेली, जरा झणझणीत आहे, पोरांसाठी कमी तिखट सांगावं लागतं. कुरकुरीत फ्राइड चिकनवाला बर्गरच हवा असेल तर मात्र चेन बरी, ते यांना तेवढं जमत नाही.

त्रास तिथंही आहे. तवा लहान, त्यामुळं एका वेळी दोनच बर्गर येतात आणि थांबावं लागतं, तरी ते थांबणं बसून असतं, आम्ही पहिले दोन अर्धे-अर्धे वाटून खातो. पार्किंग म्हणजे डोकेदुखी, मेन रोडला गाडी लावायचा नाद सोडा, आतल्या गल्लीत लावून चालत या. बिलाचं म्हणाल तर असा कॅफे कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असेल तर जीएसटी वेगळा लावू शकत नाही, मेनूत लिहिलंय तेवढंच द्यायचं, मॉलमध्ये वर ५ टक्के जातात.

तेव्हा सोबत कुणाला जिना चढायला त्रास असेल किंवा व्हेजबाबत घरात फार कडक असेल तर मॉल घ्या, शक्यतो आडवारी. बाकी चौघं-पाचजण निवांत असाल तर माझ्या मते एकदा राजारामपुरीत बसून बघायला हरकत नाही. सातच्या आत जा, नंतर तव्यावर गर्दी होते. ऑर्डर देताना बन कडक भाजा म्हणून सांगा, फ्राइज घेऊ नका. पार्सल मात्र तिथलंही नेऊ नका, आणि न्यावंच लागलं तर सॉस वेगळा मागा आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवा.