जुन्या वनप्लस ६ वर पॉडमॅन: कोपरखैरण्यातले सात महिने

८ जीबी रॅमचा वनप्लस ६ कपाटात पडून होता. स्क्रीनच्या कोपऱ्याला तडा, बाकी धडधाकट. जूनमध्ये त्यावर अँड्रॉइडऐवजी पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स प्रणाली चढवली आणि तेव्हापासून तो राउटरशेजारी स्टीलच्या मांडणीवर उभा आहे. त्यावर पॉडमॅन या प्रोग्रॅममधून तीन कंटेनर, म्हणजे आपापल्या फायलींसह वेगळे बांधलेले प्रोग्रॅम, चालतात. फोन म्हणून मी तो वापरत नाही. कॉल आणि यूपीआयला दुसरा अँड्रॉइड आहे, आणि माझ्या मते तेच बरं.

हे अँड्रॉइडवरच का नाही केलं, असं ऐरोलीच्या ऑफिसात दोघांनी विचारलं. कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकच असतो. नेमस्पेस प्रत्येक कंटेनरला स्वतःपुरतं जग दाखवतात आणि सीग्रुप मेमरी-सीपीयूचा वाटा ठरवतात. फोनसोबत येणाऱ्या अँड्रॉइड कर्नलमध्ये यातले बरेच पर्याय बंद असतात, म्हणून टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमध्ये डॉकर (पॉडमॅनसारखाच कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) टाकलं तरी ते उठत नाही. पोस्टमार्केटओएस हा २०१७ पासूनचा, अल्पाइन या छोट्या लिनक्सवर उभा असलेला प्रकल्प. वनप्लस ६ ला तिथे मेनलाइनच्या, म्हणजे मूळ लिनक्सच्या, जवळचा कर्नल मिळतो. सगळा फरक तिथेच पडतो.

पॉडमॅन एका कमांडने आलं. रूटशिवाय, म्हणजे प्रशासकाचे अधिकार न देता, चालवायला मात्र एक आख्खा रविवार गेला. कंटेनरला वापरायचे युजर-ग्रुप क्रमांक ठरवणाऱ्या सबयूआयडी आणि सबजीआयडी या दोन फायलींत माझ्या युजरची नोंद नव्हती, सीग्रुपची सर्व्हिस बूटला सुरू होत नव्हती, आणि टन (tun) हे आभासी नेटवर्कचं मॉड्यूल लोड नसल्यामुळे कंटेनरला नेटवर्क मिळेना. त्यानंतर एक इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, ओढली तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. ती फक्त इंटेल प्रोसेसरसाठी बांधलेली होती. आता इमेज घेण्याआधी ती आर्म६४, म्हणजे फोनच्या प्रोसेसरसाठीची, आहे का ते बघते.

सगळ्यात जास्त जीव मी डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या कंटेनरवर लावला. अल्पाइनमध्ये ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल असतं, त्यामुळे काही प्रोग्रॅम तिथे अडतात. कंटेनरच्या आत पूर्ण डेबियन मिळतं, तो प्रश्नच मिटतो. त्यात टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम आणि त्याचा मराठी डेटा टाकला. बाबांनी जपलेल्या जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं रात्री त्यातून जातात आणि सकाळी शोधता येईल असा मजकूर तयार असतो. जोडाक्षरं अजून चुकतात, शिरोरेषा पुसट असली की ओळच्या ओळ जाते. पण बाबांना हवा असलेला लेख नाव टाकून सापडला, त्या दिवशी ते तासभर वाचत बसले होते.

आठही कोअर जुंपले की फोन तापतो. ओपनआरसी या सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेवर रूटशिवाय सीपीयूची मर्यादा माझ्याकडे लागू होईना, म्हणून टेसरॅक्टला टास्कसेट कमांडने चार छोट्या कोअरवर बांधलं. वेळ दुप्पट लागतो, चालेल.

उरलेले दोन म्हणजे उपकरणांमध्ये फोटो जुळते ठेवायला सिंकथिंग आणि मराठी विकिपीडिया घरातच वाचायला कीविक्स. सिंकथिंगबद्दल सांगण्यासारखं काही नाही, इतकं ते निमूट चालतं. कीविक्सचा उपयोग जुलैत कळला. रात्री चार तास वीज नव्हती, इंटरनेटही बंद; राउटर छोट्या यूपीएसवर होता आणि फोनला स्वतःची बॅटरी. लेकीने सिंधुदुर्गावरचा प्रकल्प टॅबवर त्यातूनच वाचून पुरा केला.

दोन गोष्टींनी त्रास दिला. पहिली, झोप. स्क्रीन बंद झाल्यावर फोन सस्पेंड झाला की कंटेनरही थिजतात. आपोआप सस्पेंड होणं बंद करावंच लागतं. शिवाय पॉडमॅनला पार्श्वभूमीत कायम जागा असणारा प्रोग्रॅम (डीमन) नाही, त्यामुळे रीस्टार्टनंतर कंटेनर उठवायला बूटच्या वेळी चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. ३३०० एमएएचची बॅटरी महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर, तीही गरम ठेवली तर फुगण्याचा धोका असतो. मी टायमरचा प्लग लावलाय, दिवसात दोनदा थोडा वेळ चार्ज होतो. कव्हर काढून टाकलंय आणि दर महिन्याला मागची काच उचलली गेलीय का ते बोटाने चाचपते. फोन गादीवर किंवा बंद ड्रॉवरमध्ये ठेवून हे कृपया करू नका.

यासाठी फोन घ्यायचाच असेल तर आधी पोस्टमार्केटओएसच्या विकीवर नेमकं मॉडेल बघा आणि बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक होतो याची खात्री करा. लेकीला आता कीविक्समध्ये विक्शनरी हा शब्दकोशही हवा आहे. जुन्या फोटोंच्या डुप्लिकेट काढून या शनिवारी जागा करते.