हॉट योगा, ठाणे: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

ठाण्यात राहून उकाड्यासाठी वर पैसे मोजायचे, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "मे महिन्यात गच्चीवर जाऊन सूर्यनमस्कार घाल, फीसुद्धा वाचेल." चेष्टा सोडली तर प्रश्न रास्त आहे. मार्चपासून घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत हॉट योगाला, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीतल्या योगवर्गाला जातेय, त्यामुळे थोडंफार उत्तर आता माझ्याकडे आहे. स्टुडिओचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि शिकवणारी मंडळी मनापासून शिकवतात.

या नावाखाली आपल्याकडे दोन प्रकार चालतात. एक, साधारण ३५ ते ३८ अंशांत तासाभराचा मिश्र वर्ग. दुसरा बिक्रम पद्धतीचा: ठरलेली २६ आसनं, २ श्वसनप्रकार, ९० मिनिटं, खोली १०५ फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ ४०.६ सेल्सिअस आणि आर्द्रता ४० टक्के. क्रम कधीच बदलत नाही. कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी तो अमेरिकेत नेऊन गाजवला. त्यांचे गुरू विष्णुचरण घोष, परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. या क्रमावर मालकी सांगणारा चौधरींचा दावा २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने फेटाळला. लैंगिक छळाच्या आरोपांनंतर २०१६ मध्ये ज्यूरीने त्यांच्याच माजी वकील बाईंच्या बाजूने निकाल दिला, आणि अनेक स्टुडिओंनी पाटीवरून त्यांचं नाव उतरवलं. आमच्याकडे याला नुसतं 'ट्वेंटी-सिक्स अँड टू' म्हणतात. मी आठवड्यात तासाचे वर्ग करते आणि रविवारी सकाळी हा मोठा.

सुरुवातीचे दिवस वाईट जातात, ते धरूनच चाला. आसनं अवघड असतात म्हणून नव्हे. अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन, त्रिकोणासन, भुजंगासन यातलं बरंचसं शाळेच्या पीटीत केलेलं असतं. पण छाती धडधडते, कान गरम होतात आणि दाराकडे सारखं लक्ष जातं. दंडायमान जानुशिरासनात एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा तळवा दहा बोटं गुंफून धरायचा असतो. भुवईवरून थेंब नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबकळतो, पुसायला हात मोकळा नसतो, आणि तेवढ्यात ओला तळवा साबणाच्या वडीसारखा हातातून सटकतो. उभ्याची आसनं संपली की शवासन मिळतं, तिथे निम्म्या लोकांना आपण संपलो असं वाटतं. खरी परीक्षा मात्र नंतरच्या उष्ट्रासनात. मान मागे गेली की मळमळतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मॅम प्रत्येक वेळी सांगतात, डोळे मिटू नका, सावकाश वर या.

साधारण दोन आठवड्यांत शरीर रुळतं. हे केवळ मनाचे खेळ नाहीत. उष्णतेची सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा भागही वाढतो. गंमत म्हणजे ही कमाई टिकत नाही. गणपतीत गावी गेले होते, त्यानंतर आणखी काही दिवस बुडले, आणि परतल्यावर पुन्हा धापा टाकणं आलंच.

आता मुख्य गोष्ट, जी ट्रायलच्या वेळी कुणीही सांगत नाही. सगळे तापमान विचारतात. ठाण्यात विचारायचा तो दमटपणा. थंड कोरड्या देशात खोलीत ४० टक्के आर्द्रता आणायला वाफ सोडावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यातली ३० अंशांची, ७५ टक्के दमट हवा नुसती ४० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता आपोआप चाळिसाच्या आसपास येते. म्हणजे वर्ग सुरू होण्याआधीच कोटा भरलेला. त्यात पंचवीस माणसं घाम गाळायला लागली की आकडा वरच जाणार. मी आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर विकत घेऊन मॅटशेजारी ठेवायला लागले (घरच्यांच्या मते हे जरा अतीच झालं). एप्रिलमध्ये काटा शहाण्यासारखा वागायचा. ऑगस्टमध्ये वर्ग संपताना तो साठीला टेकलेला असायचा, आणि पलीकडे रिसेप्शनचा एसी असलेल्या भिंतीवरचा आरसा धुरकट व्हायचा.

फरक आकड्यापुरता नाही. घाम अंगावरून वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. नुसता ठिबकला तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा काही मिळाला नाही. पावसाळ्यात डोकेदुखी घेऊन घरी आल्याच्या संध्याकाळी याच्याच आहेत. एक्झॉस्ट वाढवा म्हणून आम्ही काही जणींनी तीनदा सांगितलं. उत्तर ठरलेलं: बाहेरची हवा आत घेतली तर हीटरचं बिल वाढतं. शेवटी दोन वर्गांच्या मध्ये दारं उघडी ठेवायला लागले, त्याने थोडा फरक पडला. एका मैत्रिणीच्या वाशीतल्या स्टुडिओत इन्फ्रारेड पॅनल आहेत. तिथे हवेपेक्षा अंग थेट तापतं आणि श्वास घेताना गुदमरल्यासारखं होत नाही. पॅनलच्या अगदी खालची जागा मात्र टाळा, टाळू भाजते.

जमीन बघा. आमच्याकडे लाकडी फ्लोअरिंग आहे, रोज पुसतात. कार्पेट असलेल्या एका ठिकाणी ट्रायल घेतला होता, तिथला आंबूस वास ओढणीला घरापर्यंत चिकटून आला. मॅटबद्दल सांगायचं तर साधी पीव्हीसीची मॅट ओली झाली की घसरगुंडी. वर पसरायला मायक्रोफायबरचा टॉवेल महाग मिळतो. मी मोठा सुती पंचा वापरते, थोडा गोळा होतो पण काम भागतं. जुलैत मॅट वाळवणं हा वेगळाच उद्योग. दोन मॅट ठेवा आणि आलटूनपालटून वापरा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुबट वास येणार म्हणजे येणारच. गळ्यातलं, कानातलं घरी ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्सही.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. वर्गाच्या दारात बाटलीभर रिचवलीत तर पोटात डुचमळत राहील. जेवण अडीच-तीन तास आधी. नंतर नुसतं पाणी ढोसू नका, मीठ हवंच: ताक, मीठ घातलेलं कोकम सरबत, लिंबू सरबत. जास्तच गळून गेल्यासारखं वाटलं तर औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी, लिटरभर पाण्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातली घ्या. टेट्रापॅकमधली गोड सरबतं घेऊ नका. त्यांना ओआरएस हे नाव लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली ती उगीच नाही.

वजन कमी होतं का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. वर्गाआधी आणि नंतर काट्यावर उभी राहिले तर जवळजवळ किलोभर फरक दिसतो, आणि रात्री जेवून झोपेपर्यंत तो परत येतो, कारण ते पाणी असतं. 'एका वर्गात हजार कॅलरी' हे फलकावरचं वाक्य सोडून द्या. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मोजलं तेव्हा ९० मिनिटांत पुरुषांच्या सरासरी ४६० आणि बायकांच्या ३३० कॅलरी खर्च झाल्या. भरभर चालूनही तेवढ्या होतात, तेही उपवनला तलावाकाठी, फुकट. 'घामावाटे विषं बाहेर पडतात' तेही तसंच. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकीची सफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

मग मी का जाते? दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरायची, ती धरत नाही. एका पायावर मिनिटभर उभी राहते. वर्गाच्या रात्री झोप गाढ लागते. आणि ९० मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत असतो, हेही कमी नाही. यातलं किती आसनांमुळे आणि किती उकाड्यामुळे, असं विचाराल तर माझ्या मते बरंचसं श्रेय तोच क्रम पुन्हा पुन्हा केल्याचं. उकाड्याने स्नायू सैल होतात खरे, पण तिथेच धोका आहे. गरम अंगाला आपण वाकतोय त्याहून जास्त वाकता येईल असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी मांडीमागची शीर बोंबलते. 'लॉक द नी' (गुडघा ताठ ठेवा) ही सूचना ऐकून गुडघा मागे ढकलणारे बरेच दिसतात. गुडघा मागे जाता कामा नये, मांडी आवळायची.

गरोदर बायका, हृदयविकार असलेले, ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल ठेवू नये. आमच्या सोसायटीतले एक काका उत्साहाने निघाले होते, डॉक्टरांनी चक्क नाही म्हटलं. वर्गात थंडी वाजल्यासारखं झालं, बोलणं अडखळलं किंवा घाम अचानक थांबला तर तडक बाहेर. 'खोलीत टिकून राहा' हा या पद्धतीचा लाडका मंत्र आहे, आणि नुसतं बसून राहण्यापुरता तो ठीकही आहे. पण बाहेर पडणाऱ्याला अडवणारा शिक्षक दिसला तर पैसे परत मागा.

फी साध्या योगवर्गाच्या तिपटीच्या आसपास पडते. वर्षाचं पॅकेज गळ्यात मारतील, घेऊ नका. तीन महिन्यांचं घ्या आणि पावसाळ्यात ते थांबवून ठेवता येतं का हे लेखी विचारा. संध्याकाळी सातचा वर्ग असेल तर मानपाड्याच्या पुढचं ट्रॅफिक धरून निघा, उशीर झाला की आत घेत नाहीत. आणि ट्रायल सकाळचा घेऊ नका, तेव्हा खोली ताजी असते. एखाद्या पावसाळी दिवशी रात्रीचा शेवटचा वर्ग मागून घ्या.