सेन्सर, संगणक की विषाणू: यूव्हीचा डोस नेमका कोणाला विचारायचा?

यूव्ही रिअ‍ॅक्टरच्या (म्हणजे अतिनील प्रकाशाने पाण्यातले जंतू मारणाऱ्या यंत्राच्या) कोटेशनवर ‘डोस ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर’ असं ठळक छापलेलं असतं आणि खरेदीची बैठक तेवढ्यावर खूश होते. तुम्ही विक्रेत्याला एवढंच विचारा: हे ४० मोजले कसे? उत्तरं तीन-चार प्रकारची येतात आणि सगळ्यांचं वजन सारखं नसतं.

प्रयोगशाळेत डोस मोजणं सोपं आहे. पेट्री डिशमध्ये पाणी, वरून समांतर किरण, तळाशी फिरणारी चुंबकी कांडी, रेडिओमीटरवर तीव्रता आणि हातात स्टॉपवॉच. तीव्रता गुणिले वेळ, वर थोड्या दुरुस्त्या, झाला डोस. वाहत्या रिअ‍ॅक्टरमध्ये मात्र पाण्याचा प्रत्येक थेंब आपापल्या वाटेने जातो. कोणी दिव्यावरच्या क्वार्ट्‌झच्या स्लीव्हला घासून, तर कोणी भिंतीच्या कडेने सुळकन बाहेर. समजा, ९९ टक्के पाण्याला ६० मिलिज्यूल मिळाले आणि १ टक्का पाणी कोरडंच निसटलं. सरासरी ५९.४, कागदावर झकास. पण निसटलेल्या पाण्यातले जंतू जिवंतच आहेत, म्हणजे बाकीच्या पाण्याला कितीही भाजलं तरी तुम्ही २ लॉगच्या, म्हणजे ९९ टक्क्यांच्या, पुढे जात नाही. पुढची सगळी तुलना या एका टक्क्याभोवती फिरते.

सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे सेन्सर. तो चोवीस तास आकडा दाखवतो आणि पॅनेलवर हिरवा दिवा लावतो. पण तो एका जागेवरची तीव्रता सांगतो, पाण्याची वाट सांगत नाही. त्या आकड्यावरून डोस काढायचा तर फ्लो आणि पाण्याची यूव्ही पारगम्यता, म्हणजे यूव्हीटी (एक सेंटिमीटर पाण्यातून किती टक्के प्रकाश पार होतो), दोन्ही हवेत. यूव्हीटी ९५ टक्के असेल तर ५ सेंटिमीटर पाण्यातून ७७ टक्के प्रकाश पार होतो. ८५ असेल तर जेमतेम ४४. शिवाय सेन्सरची स्वतःची नाटकं असतात. आमच्याकडे एकदा आकडा महिनाभर हळूहळू उतरत होता. दिव्याला वीज पुरवणारं बॅलास्ट तपासलं, दिवा बदलला, ढिम्म फरक नाही. शेवटी सेन्सरची खिडकी काढून बघितली तर तिच्यावर बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर. सायट्रिक अ‍ॅसिडने पुसली आणि आकडा जागेवर आला. नवा दिवा फुकट गेला. तेव्हापासून दर महिन्याला रेफरन्स सेन्सर, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला खात्रीचा सेन्सर, लावून ताडून बघतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं २००६चं मार्गदर्शकही तेच सांगतं.

दुसरं उत्तर रासायनिक. आयोडाइड-आयोडेटचं द्रावण यूव्हीने पिवळं पडतं, रंगावरून फोटॉन मोजता येतात. पेट्री डिशच्या टेबलावर ही पद्धत सुरेख आहे. पण हे द्रावण सगळा प्रकाश पहिल्याच पातळ थरात गिळून टाकतं, त्यामुळे रिअ‍ॅक्टरमधल्या पाण्याला काय मिळालं हे त्यातून कळत नाही. खरेदीसाठी हे सोडून द्या.

बायोडोसिमेट्रीत खुद्द जंतूंनाच साक्षीला बोलावतात. माणसाला निरुपद्रवी असा एमएस२ फेज, म्हणजे फक्त जीवाणूंना लागण करणारा विषाणू, पाण्यात सोडायचा, यूव्हीटी खाली आणायला लिग्निन सल्फोनेट किंवा चक्क इन्स्टंट कॉफी घालायची, आणि रिअ‍ॅक्टरच्या आधी व नंतर नमुने घ्यायचे. रात्रभर उबवलेल्या प्लेटवर ई. कोलायच्या दुधाळ थरात जिथे फेज जिवंत राहिला तिथे स्वच्छ भोकं दिसतात, ती मोजायची. जितकी घट झाली तितकी पेट्री डिशमध्ये किती डोसला होते ते बघायचं. तो झाला रिडक्शन इक्विव्हॅलंट डोस, म्हणजे तेवढीच घट करणारा डोस, थोडक्यात आरईडी. इथे तो निसटलेला एक टक्का लपू शकत नाही. काम खर्चिक आहे. न्यूयॉर्क राज्यातलं जॉन्सटाउन, ओरेगॉनमधलं पोर्टलंड अशा मोजक्या ठिकाणी मोठे रिअ‍ॅक्टर पूर्ण आकारात तपासण्याची सोय आहे.

आता खाचखळगा. एमएस२ चिवट आहे, एका लॉगला, म्हणजे दहापट घटीला, त्याला साधारण २० मिलिज्यूल लागतात. टी१ या दुसऱ्या फेजला साधारण ५. एक टक्का पाणी निसटू देणाऱ्या वरच्याच रिअ‍ॅक्टरमध्ये एमएस२ वापरला तर आरईडी ३९च्या आसपास येतो, टी१ वापरला तर १०! रिअ‍ॅक्टर तोच, पाणी तेच. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवीला ३ लॉगसाठी १२ मिलिज्यूल पुरतात, म्हणजे तो टी१च्या जातकुळीतला. म्हणून त्या अमेरिकी मार्गदर्शकात आरईडीला ‘व्हॅलिडेशन फॅक्टर’ने, म्हणजे अशा अनिश्चितता धरणाऱ्या एका आकड्याने, भागून खरा धरायचा डोस काढतात. जर्मनी-ऑस्ट्रियाची परंपरा वेगळी: तिथे बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचे बीजाणू वापरून ४० मिलिज्यूल सिद्ध करावे लागतात. तेव्हा प्रमाणपत्रावर जंतू कोणता आणि भागाकार झालाय का, हे आधी बघा.

संगणकी मॉडेल, म्हणजे सीएफडी, हजारो काल्पनिक कणांच्या वाटा काढून कोणाला किती डोस मिळाला त्याचा आलेख देतं. रंगीत चित्रं बघून भुलू नका; दिव्याचं उत्पादन आणि खळबळीचं गणित गृहीत धरलेलं असतं. पण आपल्या जागेत एल्बो (पाइपाचं वळण) इथे बसवला तर काय होईल, हे विचारायला त्याच्यासारखा स्वस्त मदतनीस नाही. पर्ड्यू विद्यापीठात वापरलेल्या रंग लावलेल्या सूक्ष्म गोळ्या हाच आलेख खऱ्या पाण्यात मोजतात. ते बघायला मला आवडतं, पण निविदेत मागण्याइतकं ते रुळलेलं नाही.

माझ्या हातात निवड असेल तर खरेदीला बायोडोसिमेट्री, रोजच्या पहाऱ्याला सेन्सर, पाइपिंगच्या शंकेला सीएफडी. प्रमाणपत्रातला फ्लो आणि यूव्हीटी तुमच्या सगळ्यात वाईट दिवसाशी, म्हणजे पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याशी, जुळवून बघा. आणि चाचणीच्या वेळच्या पाइपिंगचं ड्रॉइंग मागून घ्या. तिथे रिअ‍ॅक्टरच्या आधी जेवढा सरळ पाइप होता, त्यापेक्षा किमान पाच व्यास जास्त सरळ पाइप तुमच्याकडे बसत नसेल, तर ऑर्डरवर सही करायच्या आधी फिटरला बोलवा.