फोन दुसऱ्या खोलीत, फोकस मोड की लॅपटॉपला कुलूप?

सोलापुरात घरी बसून ऑनलाइन काम करायचं तर लक्ष उडायला कारणं पुष्कळ. पूर्व भागात घर असेल तर शेजारच्या यंत्रमागाची खडखड, मे महिन्यात ४३ अंशांचं ऊन. मागाच्या आवाजाची कानाला सवय होऊन जाते, खरा घात फोन आणि ब्राउझर करतात. म्हणून तुलना त्यांच्यावरच्या उपायांचीच.

पैसे न लागणारा आणि माझ्या मते सगळ्यात जोरकस उपाय म्हणजे फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोन टेबलावर पालथा ठेवणाऱ्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवणारे स्मरण आणि तर्काच्या चाचण्यांत सरस ठरले. नंतर काहींना तसा फरक आढळला नाही, हेही खरं. तरी हात लांबवून मिळणारा फोन आणि उठून आणावा लागणारा फोन यात फरक आहेच.

अडतं ते ओटीपीपाशी. जीएसटीचं किंवा बँकेचं काम निघालं की उठायचं, आकडे बघायचे आणि तिथंच भिंतीला टेकून रील बघत उभं राहायचं! ओटीपी लागणारी कामं एकाच वेळेला उरकली तर हे टळतं. व्हॉट्सॲपवर चादर-टॉवेलच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनाही घाबरायचं कारण नाही. २०२१ पासून लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप फोन बंद असला तरी चालू राहतं. लाइट गेली, वायफाय बसलं, तर हॉटस्पॉट एका भिंतीपलीकडून बहुतेक वेळा मिळतो.

पण ज्यांना व्यापाऱ्यांचे फोन सारखे घ्यावे लागतात त्यांना हे जमणार नाही. त्यांच्यासाठी अँड्रॉइडचा फोकस मोड. निवडलेली ॲप्स करडी पडतात, त्यांच्या सूचना थांबतात, कॉल मात्र येत राहतात. कच्चा दुवा असा, की थोडा वेळ ब्रेक घ्यायची सोय त्यातच दिलेली आहे, आणि ती कुणीही वापरतंच. नुसत्या या मोडवर मी तरी विसंबणार नाही.

फोन आवाक्यात आहे, पण लॅपटॉपवरच यूट्यूब आणि क्रिकेटचा स्कोअर उघडत असेल तर? मग साइट अडवणारं लीचब्लॉक किंवा कोल्ड टर्की. लीचब्लॉक फुकट आहे, फायरफॉक्स, क्रोम, एज तिन्हींत चालतं. साइट पूर्ण बंद न करता उघडण्याआधी काही सेकंद थांबवायचीही सोय त्यात आहे. तेवढ्यात निम्म्या वेळा आपल्यालाच कळतं, की इथं यायचं काही कारण नव्हतं. कोल्ड टर्की कडक. वेळ लावून कुलूप घातलं की ती संपेपर्यंत सुटका नाही. साइट अडवायला पैसे लागत नाहीत, ॲप अडवायला लागतात. यूट्यूबवर बघून काम शिकणाऱ्यांनी आधी लीचब्लॉकच घ्यावं, नाहीतर कामाचा व्हिडिओही अडकून बसेल.

२५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत डेटा एंट्रीला बरी. डिझाइनवाल्यांचा हात बसतो तोच घड्याळ वाजतं.

हिशेब आणि रिटर्न भरणाऱ्यांनी फोन बाहेर ठेवावा. ऑर्डरी आणि कॉल सांभाळणाऱ्यांनी फोकस मोडच्या जोडीला लीचब्लॉक लावावं. कोल्ड टर्कीकडे वळायचं ते, आठवडाभर लीचब्लॉक वापरूनही ते स्वतःच बंद करत सुटलात तरच.