पिकलर ट्रँगल: चांगली वस्तू, पण प्रत्येक घरासाठी नाही

लाकडाच्या दोन बुटक्या शिड्या वरच्या टोकाला जोडून उभ्या केल्या की झाला पिकलर ट्रँगल, लहान मुलांनी चढा-उतरायचं खेळणं. बॅटरी नाही, गाणी नाहीत, अक्षरं नाहीत. साधा ट्रँगल ऑनलाइन दुकानांत पाच-सहा हजारांपासून मिळतो. घसरगुंडी, कमान असा सगळा संच घेतला तर आकडा वीस हजारांच्या वर सहज जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, आठ-नऊ महिने ते साडेतीन-चार वर्षांच्या मुलासाठी साधा ट्रँगल पैसे वसूल करतो, पूर्ण संच बहुतेक घरांत करत नाही. ज्यांच्या दारात ओटा, पायऱ्या, पार किंवा चढण्याजोगं बुटकं झाड आहे, त्यांनी हे पैसे ठेवून द्यावेत. मुलाला तिथे रोज सोडावं आणि आपण शेजारी बसावं.

नाव आलं ते एमी पिकलर (१९०२–१९८४) यांच्यावरून. त्या बुडापेस्टमधल्या बालरोगतज्ज्ञ. १९४६ मध्ये त्यांनी तिथल्या लोत्सी रस्त्यावर अनाथ बाळांसाठी संस्था सुरू केली. कुशीवर वळणं, बसणं, उभं राहणं या गोष्टी मोठ्यांनी करून द्यायच्या नाहीत, मूल त्या आपल्या वेळेला आपली आपण करतं, हा त्यांच्या कामाचा गाभा. ट्रँगल वापरायचा नियमही त्यातूनच निघतो: जिथे मूल स्वतः पोचलेलं नाही, तिथे त्याला उचलून ठेवायचं नाही. हा नियम पाळायची तयारी नसेल तर ही वस्तू घेऊच नये. कारण जे मूल एकेक दांडी चाचपत वर जातं, त्याच्या पायांना परतीची वाट ठाऊक असते. फोटोसाठी वर बसवलेल्या मुलाला ती नसते. मग ते वरच रडत बसतं किंवा तोंड पुढे करून उतरू पाहतं.

खरेदी करताना पहिल्यांदा टेप घ्या आणि दोन दांड्यांमधली मोकळी जागा मोजा. मध्यापासून मध्यापर्यंत नाही, कडेपासून कडेपर्यंत. विक्रेते बहुधा मध्यापासूनचं माप लिहितात. दांडी २८ मिमी जाड आणि मध्य-ते-मध्य अंतर ११० मिमी असेल तर मोकळी फट ८२ मिमी राहते. हे ठीक. मैदानी खेळसाहित्याच्या युरोपीय मानकात ८९ ते २३० मिमी दरम्यानची फट धोक्याची धरतात, कारण तिच्यातून मुलाचं धड पाय आधी घसरत जातं आणि डोकं अडकतं. लहान बाळाच्या पावलांना २३० च्या वरचं अंतर झेपणार नाही, म्हणून फट ८९ च्या आतच हवी. बाजारातले बरेच 'सुटसुटीत' दिसणारे ट्रँगल नेमके मधल्या पट्ट्यात बसतात.

दुसरी तपासणी दांडीची. दोन्ही हातांनी धरून ओलं कापड पिळल्यासारखी जोरात पिळा. जराही फिरली तर परत पाठवा. फिरणारी दांडी म्हणजे फक्त गोंदावर बसवलेली दांडी. मूल नेमकं एका हाताने लटकलेलं असताना ती फिरते आणि पकड सुटते. चांगल्या कामात बाजूच्या फळीतून दांडीत स्क्रू किंवा लाकडी खुंटी मारलेली असते. जाडी २५ ते ३० मिमी असावी. त्याहून जाड दांडीभोवती वर्षाच्या बाळाची बोटं वळत नाहीत.

लाकूड बीच, बर्च प्लाय किंवा रबरवूड असेल तर चांगलं. पाइन चालतं, पण मऊ असल्याने बोल्टच्या भोकाशी लवकर ढिलं पडतं. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नकोच, पावसाळ्यात फुगतं आणि त्यात स्क्रू धरत नाही. सप्तरंगी दांड्यांसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. बाळ वरची दांडी चावतंच, आणि रंगाचे पापुद्रे त्याच्या तोंडात जातात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मानक आयएस ९८७३, त्याचा भाग ४ घरगुती झोके, घसरगुंड्या आणि तत्सम खेळण्यांचा. नोंदणीकृत हस्तकलाकारांना सूट आहे, तेव्हा चिन्ह दिसलं नाही तर विक्रेत्याला कारण विचारा. 'इम्पोर्टेड डिझाइन' हे उत्तर नव्हे.

घडी घालणारं मॉडेल सोयीचं, पण बिघडतं तेही वरच्या सांध्यातच. उघडल्यावर सांधा पक्का अडकला पाहिजे आणि मुलाला तो सोडता येता कामा नये. नुसता गोल नॉब असेल तर दीड वर्षाचं मूल तो फिरवतंच. फळ्यांमध्ये बोट चिमटणारी फट आहे का ते पेन घालून पाहा. मग ट्रँगल उभा करून वरच्या दांडीवर चारी बाजूंनी चांगला जोर द्या. पाय उचलला गेला तर पाया अरुंद आहे. ७५-८० सेंमी उंचीला पायांमधलं अंतर निदान ८५-९० सेंमी हवं.

ओळखीचा सुतार असेल तर त्याच्याकडून अर्ध्या पैशांत काम होऊ शकतं, फक्त मापं लिहून द्या. ९० सेंमी लांब, ७ सेंमी रुंद, २ सेंमी जाड अशा चार पट्ट्या. खालच्या टोकापासून १० सेंमीवर पहिली दांडी, पुढे दर ११ सेंमीला एक, म्हणजे प्रत्येक बाजूला सात आणि ८७ सेंमीवर सामाईक अशी सर्वांत वरची एक, एकूण पंधरा. पाय ६० अंशांत उघडले की उंची साधारण ७५ सेंमी भरते. सुतार हमखास चुकतो ते एकाच जागी: सगळ्या दांड्या सारख्या लांबीच्या कापतो. आतली शिडी बाहेरच्या शिडीत बसायची असते, म्हणून तिच्या दांड्या दोन पट्ट्यांच्या जाडीने आणि वर थोड्या वावाने, म्हणजे सुमारे साडेचार सेंमी आखूड लागतात. पाय उघडे धरायला दोन्ही बाजूंना कडक आडवी पट्टी हवी. साखळी किंवा दोरी नको, ती सैल पडते आणि मुलाच्या गळ्यातही येऊ शकते. कडा गोल करून कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या आणि आठ-दहा दिवस हवेशीर जागी वाळू द्या. तेलाचे बोळे पसरून वाळवा, चुरगळून ठेवले तर ते आपोआप पेटू शकतात.

आता घरातली जागा. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर पायांना रबरी टोप्या नसतील तर ट्रँगल सरकतो. खाली सतरंजी किंवा गोधडी घालणं त्याहून वाईट, कारण मग सतरंजीसकट सगळंच सरकतं. एकमेकांत अडकणारी २०-२५ मिमी जाडीची फोम मॅट घ्या आणि ती ट्रँगलच्या चारी बाजूंना मीटरभर तरी बाहेर येईल अशी पसरा. चारही पाय मॅटवर किंवा चारही जमिनीवर, दोन इथे दोन तिथे ठेवले तर डुगडुगतं. खिडकीच्या ग्रिलजवळ, बाल्कनीच्या कठड्याजवळ किंवा टीव्हीच्या कपाटाशेजारी अजिबात नको. तिथे ट्रँगल म्हणजे पुढची पायरी ठरतो. मुलाचे पाय अनवाणी हवेत. चढण्यापूर्वी गळ्यातला ताईत, काळा दोरा, साखळी काढून ठेवा. यावर आजीची नाराजी ओढवेल, पण इथे सवलत नाही.

नव्या ट्रँगलजवळ पहिले काही दिवस फारसं काही घडत नाही, आणि पालक निराश होतात. बाळ दांडी चाटतं, हलवतं, धरून उभं राहतं, खाली बसतं. हाच खेळ आहे. एक वर्षाच्या आसपास पहिल्या-दुसऱ्या दांडीवर चढ-उतार, पुढे दीड-दोन वर्षांच्या सुमारास वरून पलीकडे जाणं, असा साधारण क्रम. पण महिने मागेपुढे होतात आणि शेजारच्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नाही. अडीचनंतर वर चादर पडते आणि त्याचं घर, दुकान, गुहा होते. काही संचांबरोबर 'आजची कृती' अशी कार्डं येतात. ती रद्दीत टाका.

मोठ्यांनी दोन हातांच्या अंतरावर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकू नयेत: 'उजवा पाय टाक, आता हात सोड' ऐकताना मुलाचं लक्ष पायातून निघून तुमच्या तोंडाकडे जातं. काखेत हात घालून आधार देऊ नये, त्याने वजनाचा अंदाज चुकतो. 'अगं पडशील!' ही आरोळी तर सर्वांत घातक, दचकूनच हात सुटतो. मूल वर अडकलं तर जवळ जा, पाठीमागे तळहात धरा पण टेकवू नका, आणि शांतपणे म्हणा, 'खाली दांडी आहे, पायाने शोध.' तरी रडत राहिलं तर उचलून खाली ठेवा. पुन्हा वर नेऊन सोडू नका. दर पायरीला शाब्बासकीही नको, मूल मग टाळ्यांसाठी चढायला लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटं तरी हालचाल करायला हवी. तीन तासांचा क्लास कुणाला परवडणार? ट्रँगलचा उपयोग इथे आहे. तो दिवाणखान्यात उभाच असतो, मूल पाच मिनिटं चढतं, निघून जातं, कुकरची शिट्टी होईतो परत येतं. म्हणूनच रोज घडी घालून पलंगाखाली सरकवणार असाल तर विकत घेण्यात फारसा फायदा नाही. लांबच्या सुट्टीत घडी घातलीत तर आडवी ठेवा. भिंतीला टेकवलेली घडी मुलाच्या अंगावर कोसळते.

घसरगुंडीची फळी घ्यायचीच असेल तर तिचा हूक पाहा. उथळ हूक असेल तर मूल खालून ढकलताच फळी निसटते. खोल आणि अडकणारा हूक हवा. सुरुवात तिसऱ्या-चौथ्या दांडीपासून करा, सर्वांत वर लावली तर उतार फार तीव्र होतो.

महिन्यातून एकदा बोल्ट आवळा. मुंबई-कोकणच्या पावसात लाकूड फुगून सांधा घट्ट होतो, उन्हाळ्यात आकसून दांड्या सैल पडतात. ओल्या फडक्याने पुसलंत तर लगेच कोरडं करा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके येतात. चार वर्षांनंतर मुलांचा यातला रस ओसरतो, त्यामुळे वापरलेले ट्रँगल चांगल्या स्थितीत निम्म्या किमतीला मिळतात. घेताना वरच्या सांध्याभोवती केसासारखी चीर आहे का ते मोबाइलच्या टॉर्चने पाहा आणि सगळ्याच्या सगळ्या दांड्या पिळून बघा. चीर असेल तर फुकटही नको.